पगारपत्रकावरचा बिस्मार्क

इतिहासाच्या बाईंनी आपल्याला बिस्मार्क शिकवला तो रक्त आणि लोखंडाचा. 'टिपा लिहा'मध्ये तो हमखास यायचा आणि जर्मनीचे एकीकरण, 1871, एवढे लिहिले की निम्मे गुण पदरात पडायचे. हाच गृहस्थ पुढे माझ्या पगाराला हात घालणार आहे, हे तेव्हा कळते तर धडा जरा नीट वाचला असता.

2012 मध्ये मला स्टुटगार्टहून नोकरीचे पत्र आले. वर्षाला 48,000 युरो, म्हणजे महिन्याला 4,000. युरो तेव्हा 70 रुपयांच्या आसपास होता. दोन लाख ऐंशी हजार! अण्णांनी संध्याकाळपर्यंत हा आकडा सगळ्या आळीला सांगितला. शेतावर पतसंस्थेचे कर्ज होते. मीही फोनवर बोलून गेलो, "अण्णा, दर महिन्याला एक लाख पाठवतो."

जर्मनीत राहून आलेला एक मित्र म्हणाला, "अरे, हा ब्रुटो आहे. नेटो काढलास का?" रविवारी सकाळी आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली कपात आरोग्य विम्याची. हा कायदा बिस्मार्कचा, 1883 चा. समाजवादी पक्षावर एका हाताने बंदी घालायची आणि दुसऱ्या हाताने कामगाराला आजारपणाचा आधार द्यायचा, म्हणजे तो त्या पक्षाकडे वळणार नाही, असा त्याचा हिशेब. तेव्हा वर्गणीचे दोन भाग कामगार भरी, एक भाग मालक. माझ्या वेळी कामगाराचा वाटा होता 8.2 टक्के, तोही 3,825 युरोंच्या मर्यादेपर्यंतच: सुमारे 314 युरो. 1884 चा अपघात विमा पगारपत्रकावर दिसत नाही, कारण तो सगळा मालकच भरतो. 1889 चे निवृत्तिवेतन मात्र ठळक दिसते: 9.8 टक्के, 392 युरो. मूळ कायद्यात वयाची अट 70 होती. त्या काळी तिथवर पोचणारे कामगार किती असतील!

बेकारी विमा 1927 चा, वायमार प्रजासत्ताकाचा: 60 युरो. वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा 1995 चा: 37 युरो. त्याचा मालकांवरचा बोजा भरून काढायला सॅक्सनी सोडून बाकी सगळ्या राज्यांनी एक धार्मिक सुट्टी रद्द केली. आपल्याकडे असे करून दाखवावे कुणी! चौघांची बेरीज 803 झाली आणि प्राप्तिकर अजून पुढेच होता.

पगार हातात पडण्याआधीच कर कापायची पद्धत तिथे 1920 मध्ये आली, अर्थमंत्री एर्झबर्गर यांच्या सुधारणांतून. पहिल्या महायुद्धाने तिजोरी रिकामी झाली होती. कामगार या कपातीवर भयंकर चिडले. खुद्द एर्झबर्गर यांचा 1921 मध्ये खून झाला, पण तो करामुळे नव्हे. युद्धबंदीच्या करारावर त्यांची सही होती, ती अतिरेकी राष्ट्रवाद्यांना खुपत होती. करावर पुन्हा साडेपाच टक्के अधिभार, पूर्व जर्मनी जोडून घेतल्याच्या खर्चाचा. 1991 मध्ये तो एका वर्षापुरता म्हणून आला होता. 1995 मध्ये परतला आणि बहुतेकांच्या पगारातून गेला तो थेट 2021 मध्ये. चर्चचा कर मला नव्हता. नावनोंदणीच्या अर्जावर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिले, तर त्या राज्यात कराच्या आणखी 8 टक्के.

खरी गोम करवर्गात होती. नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र धरून ते निम्मे-निम्मे वाटून कर लावायची पद्धत 1958 पासूनची. पण माझ्यासारख्याला तिचा फायदा हवा, तर बायकोने तिथे येऊन राहायला हवे. एकटा गेलो तर हातात सुमारे 2,400. तिघे गेलो तर सुमारे 2,700, शिवाय मुलीसाठी सरकारचे 184.

वरवर पाहता तिघांनी जाणेच फायद्याचे. मग मित्राने खर्च मांडला. एकट्याला एक खोली आणि साधे जेवण: मागे 1,400 उरत, म्हणजे जवळजवळ लाखभर रुपये. अण्णांना दिलेला शब्द बरोबर बसत होता. तिघांना फ्लॅट, हीटिंग, पास, डबे, मुलीचे बूट-कोट: उरणार जेमतेम 650, म्हणजे पंचेचाळीस हजार. मुलगी चार वर्षांची होती. बायको कणीक मळत ऐकत होती. ती काहीच बोलली नाही, आणि मला तेच अवघड गेले.

दोन दिवस टाळून शेवटी अण्णांना फोन केला. 803, 60, अधिभार, सगळे सांगत बसलो. ते म्हणाले, "हे मला कळत नाही. किती पाठवशील?"

"पंचेचाळीस."

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, "पोरीला थंडीचे कपडे नीट घे."

आळीत त्यांनी तो नवा आकडा कधीच सांगितला नाही. सातबारावरचा बोजा उतरला 2016 च्या दिवाळीआधी, ठरवले होते त्याच्या दोन वर्षे उशिरा. उतारा आणायला तलाठ्याकडे आम्ही दोघे गेलो होतो.