पंचांगाची शाई आणि उन्हाची वीज



मालवणच्या किनाऱ्यावर उन्हाला तोटा नाही. खळ्यात पसरलेली मासळी बघता बघता कडकडीत होते. ह्या उन्हाची वीज करायची, आणि तीही पंचांगासारखी छापून, असे कोणी म्हटले तर? हसू नका बरं का! ही कथा शाईपासूनच सुरू होते.

आपल्या शेजारी गोव्यात १५५६ साली छापखाना आला. पण मराठी घरात छापील कागद शिरला तो फार उशिरा. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचे छापकाम पाहून स्वतः यंत्र केले, शाई केली आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शाईत चरबी असेल म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत ना. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. जोशीबुवांकडचे पंचांग असे घरोघर गेले.

आता वीज पाहू. उजेडाने वीज उपजते, हे फ्रान्सच्या बेकरेल यांना १८३९ साली दिसले. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकनचा सौरघट केला. पण सिलिकन शुद्ध करायचे म्हणजे धगधगती भट्टी हवी. पुढे १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवले, की प्लास्टिकच्या जातीचा पदार्थही वीज वाहू शकतो. १९८६ साली टँग यांनी कार्बनी रंगद्रव्यांच्या दोन पातळ थरांचा घट केला. उन्हातली सुमारे एक टक्का शक्ती वीज झाली. मग विरघळणारे पदार्थ सापडले. विरघळले की झाली शाई! डेन्मार्कमध्ये क्रेब्स यांच्या गटाने प्लास्टिकच्या गुंडाळीवर, वर्तमानपत्र छापावे तसे, थरावर थर छापून घट केले.

मग अडले कुठे? पंचांगाचे आयुष्य एका वर्षाचे. पाडव्याला नवे आले की जुने माळ्यावर. सौरघट मात्र वर्षानुवर्षे टिकला तरच परवडेल. ह्या शाईला ओल बाधते, हवेतला प्राणवायूही बाधतो. आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, बारा महिने खारा वारा! प्रयोगशाळेतले चिमुकले घट आज एकोणीस टक्क्यांच्या पुढे गेले आहेत, पण मोठे छापील पत्रे तेवढे देत नाहीत. म्हणून संशोधक शाईइतकेच लक्ष वरच्या आवरणाकडे देतात.

गणपत कृष्णाजींच्या शाईची परीक्षा लोकांनी घेतली. ह्या शाईची परीक्षा मृगाचा पाऊस घेईल. मालवणच्या कौलांवर जो पावसाळ्यांमागून पावसाळे काढील, तोच छापील पत्रा आपल्या कामाचा.