नळी बदलली, नाव बदलले

‘थ्री नॉट थ्री’ रायफल पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षे पाहिली. तिचे मूळ नाव ली-एन्फिल्ड. या नावामागे एका नळीची गोष्ट आहे.

१८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली यांची, नळीतल्या पेचदार खाचा विल्यम मेटफर्ड यांच्या. या खाचा गोळीला फिरकी देतात. फिरकी नसेल तर गोळी भरकटते. मेटफर्ड यांच्या सात खाचा उथळ आणि गोलसर होत्या, कारण काळ्या दारूची काजळी त्यांत कमी साचे.

मग कॉर्डाइट ही जवळजवळ बिनधुराची दारू आली. धुरावरून सैनिकाची जागा शत्रूला कळेनाशी झाली. पण तिची आच इतकी प्रखर, की उथळ खाचा काही हजार फैरींतच झिजू लागल्या. बोल्ट धड, दस्ता धड आणि नेम मात्र चुकतोय! रणांगणावर अशी रायफल काय कामाची?

एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल, चौकोनी खाचांची नळी बसवली. १८९५ मध्ये रायफलीचे नावच ली-एन्फिल्ड झाले. पुढे ती बंगालमधल्या इशापूरलाही बनू लागली. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथे ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी नवी आवृत्ती निघाली. या गोळीचा दाब जास्त. त्यामुळे नुसती नळी बदलून भागले नाही, पोलादही अधिक मजबूत घ्यावे लागले.

म्हणूनच नळी बदलणे हे घरच्या घरी करायचे काम नव्हे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने तर शस्त्राचा सुटा भागही ‘शस्त्र’च मानला आहे. इतिहास तरी वेगळे काय सांगतो?