कान्हेरीची पोढी आणि सातवाहन-क्षत्रप सोयरीक

बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरीच्या डोंगरात पाण्याच्या एका पोढीवर एक खंडित लेख आहे. वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णीच्या राणीचा त्यात उल्लेख असून ती कार्दमक राजकुळात जन्मलेली, महाक्षत्रपाची कन्या, असे म्हटले आहे. पित्याच्या नावापैकी 'रु' एवढेच अक्षर वाचता येते; तो रुद्रदामन् होय, हे मत बहुतेक विद्वानांनी स्वीकारले आहे. पोढीचे दान मात्र शतेरक नामक अमात्याचे आहे.

लेखाची भाषा संस्कृत आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी होय. सातवाहनांचे लेख सामान्यतः प्राकृतात आढळतात; उलट रुद्रदामन् याचा जुनागढ येथील शके ७२ (इ. स. १५०) नंतरचा लेख संस्कृत गद्यात आहे. राणीबरोबर माहेरच्या दरबाराची भाषाही सासरी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

दानाने लोकांची मने आपलीशी करण्याची ही रीत नवी नव्हती. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने नाशिक येथे लेणे कोरविले आणि शूर्पारक, म्हणजे सोपारे, येथे धर्मशाळा बांधल्या. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. पण दानाची परंपरा मोडली नाही. उषवदाताच्या ताब्यातील २०० निवर्तने शेत त्याने राज्यवर्ष १८ मध्ये नाशिकच्याच भिक्षूंना दिले. राज्यकर्ता बदलला, दान घेणारा संघ तोच राहिला. सोपारे, कल्याण येथील व्यापारी या लेण्यांचे दाते होते. बंदरांवर ज्याला सत्ता हवी, त्याला या वर्गाची सद्भावना मिळविणे भाग होते.

सोयरिकीने काय साधले? दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकूनही नाते दूरचे नसल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे जुनागढचा लेख सांगतो. हा सातकर्णी तोच जावई की दुसरा, याविषयी मतभेद आहेत. शिवाय जेत्याच्या प्रशस्तीतील औदार्य जपूनच वाचावे लागते. त्याच लेखात रुद्रदामन् याच्या प्रदेशांत अपरान्ताचीही गणना आहे. जावयाचे राज्य राहिले, किनारा मात्र गेला!

तो कायमचा गेला नाही. कान्हेरीच्या ३ क्रमांकाच्या चैत्यगृहात यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा याच राजाचे चांदीचे नाणे सापडले. त्यावर राजाचा मुखवटा आहे, आणि घडण क्षत्रपांच्या नाण्यांची आहे.