कृत्रिम हृदय आणि स्थायित्वाची कल्पना

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदयरोपण केले. रोगी काही तासांतच मृत्यू पावला. एकाला हृदय लाभावयाचे तर दुसऱ्याचा मृत्यू घडलेला असावा लागतो, आणि मेंदूच्या मृत्यूला भारतीय कायद्याने मान्यता दिली ती १९९४ साली. त्याच वर्षी दिल्लीस डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. दात्याच्या मृत्यूची अपेक्षा न ठेवणारे हृदय मनुष्याला घडविता येईल काय, या प्रश्नाचे महत्त्व यावरून लक्षात यावे.

या दिशेने प्रयत्न पूर्वीच सुरू झाले होते. १९५७ मध्ये क्लीव्हलंड येथे विलेम कोल्फ व तेत्सुझो अकुत्सु यांनी कुत्र्याच्या छातीत बसविलेले कृत्रिम हृदय सुमारे दीड तास चालले. १९६९ मध्ये ह्यूस्टन येथे डॉ. डेंटन कूली यांनी डोमिंगो लिओटा यांचे यंत्र मानवी शरीरात बसविले. पण तो दाता मिळेपर्यंतचा, ६४ तासांचा आधार होता. कायमचे म्हणून पहिले हृदय २ डिसेंबर १९८२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे डॉ. विल्यम डीव्हरीज यांनी बसविले. ‘जार्विक-७’ नामक त्या यंत्रावर रोगी ११२ दिवस जगला. मात्र हवेच्या दाबावर चालणारे ते हृदय नळ्यांनी बाहेरच्या अवजड यंत्राशी जखडलेले होते. पुढील एका रोग्याने ६२० दिवस काढले, तेही पक्षाघाताचे झटके सोसून.

निसर्गदत्त हृदय दिवसाला सुमारे एक लाख, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक ठोके देते. इतका ताण सोसणारे पडदे घडविणे कठीण. परक्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी होऊ न देणे त्याहून कठीण. २००१ मधील ‘अ‍ॅबिओकोर’ने त्वचेपलीकडून वीज पुरवून नळ्या नाहीशा केल्या, परंतु गुठळ्यांचा प्रश्न कायम राहिला.

परिणामी उद्दिष्टच पालटले. ‘जार्विक-७’च्या सुधारित रूपाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली, ती दाता मिळेपर्यंतचा सेतू म्हणून. चुंबकशक्तीने अधांतरी फिरणाऱ्या एकाच चक्रावर चालणारे हृदय २०२४ मध्ये प्रथम मनुष्यात बसविले गेले, तेही याच हेतूने. दात्यापासून मुक्तता हे मूळ ध्येय अशा रीतीने अद्याप दूरच आहे. तथापि दात्याची वाट पाहण्याइतके आयुष्य आज यंत्र देऊ शकते; १९६८ च्या मुंबईतील रोग्यास तेवढाही आधार उपलब्ध नव्हता.