वाऱ्यातील हलक्या ड्रोनचे उड्डाण

वाऱ्यातील हलक्या ड्रोनचे उड्डाण : साधारण २५० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाचा, चार पंख्यांचा कॅमेरा-ड्रोन वाहत्या हवेत स्थिर ठेवणे, ठरलेल्या ठिकाणी नेणे आणि बॅटरी संपण्याआधी परत आणणे. यातली पहिली दोन कामे आता बहुतांशी ड्रोनमधला संगणकच करतो. तिसरे काम अजूनही उडवणाऱ्याच्या हिशेबावर अवलंबून आहे आणि गफलत होते ती बहुधा तिथेच. माहितीपुस्तिकेत ‘वारा सहन करण्याची क्षमता’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो ड्रोन हवेत एका जागी टिकून राहील की नाही एवढेच सांगतो. वाऱ्याबरोबर लांब गेलेला ड्रोन वाऱ्याला तोंड देत माघारी येईल का, याचे उत्तर त्यात नसते. म्हणून हलक्या ड्रोनची खरी वारामर्यादा त्या आकड्यापेक्षा बरीच खाली धरावी लागते आणि ती परतीच्या वेगावरून व उडण्याच्या उंचीवरून काढावी लागते.

आधी २५० ग्रॅमच्या रेषेविषयी, कारण या रेषेमुळेच अनेकांची दिशाभूल होते. अमेरिकेत २०१५ साली ड्रोननोंदणीसाठी नेमलेल्या कार्यगटाने खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आदळणाऱ्या वस्तूचा विचार केला. ८० ज्यूल ऊर्जेचा आघात जिवावर बेतू शकतो असे धरले, आणि सेकंदाला २५ मीटर वेगाने कोसळणाऱ्या २५० ग्रॅम वस्तूची ऊर्जा जवळपास तेवढीच भरते. पुढे युरोपीय संघाने हीच रेषा स्वीकारली. भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांतही २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतात आणि ते चालवण्यासाठी दूरचालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. उत्पादकांनी साहजिकच या रेषेच्या आत बसणारी यंत्रे घडवली. डीजेआय या चिनी कंपनीचा ‘मॅव्हिक मिनी’ ३० ऑक्टोबर २०१९ रोजी आला तो २४९ ग्रॅमचा. जपानमध्ये त्या वेळी मर्यादा २०० ग्रॅमची होती, म्हणून तिथे तोच ड्रोन १९९ ग्रॅमचा करून विकला गेला. कात्री लागली ती बॅटरीला : २४०० मिलिअँपिअर-तासांऐवजी ११००, आणि उड्डाणकाल ३० मिनिटांवरून १८ मिनिटांवर. ही तुलना बोलकी आहे. वजनाची मर्यादा खालच्या माणसाच्या संरक्षणासाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण वाचवलेला प्रत्येक ग्रॅम बहुधा त्याच साठ्यातून येतो, जो वाऱ्यातून परतताना सर्वांत जास्त लागतो. कायद्याने ज्याला सवलत दिली तो उडवायलाही सोपा असेल, हा समज म्हणूनच निराधार ठरतो.

ड्रोन वाऱ्याला तोंड देतो तो झुकून. पंख्यांची उचल एरवी सरळ वर असते. वारा आला की ड्रोन वाऱ्याच्या दिशेने नाक खाली करतो, म्हणजे उचलीचा काही भाग आडवा होऊन वाऱ्याच्या रेट्याला तोलतो. २० अंश झुकल्यावर हा आडवा भाग ड्रोनच्या वजनाच्या सुमारे ३६ टक्के असतो, ३० अंशांवर सुमारे ५८ टक्के. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला याचा अर्थ अनुक्रमे ०.९ व १.४ न्यूटन एवढाच. उलट वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट. त्यात आकारमानाचा एक मूलभूत नियम आड येतो. ड्रोन सर्व बाजूंनी निम्मा केला तर त्याचे वजन एक-अष्टमांश होते, पण वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ एक-चतुर्थांशच होते. म्हणजे वजनाच्या मानाने वाऱ्याची पकड दुप्पट होते. लहान ड्रोनची अडचण आहे ती ही.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप घेतला जातो : सलग वाहणाऱ्या वाऱ्यात वजनाला वेगळे महत्त्व नाही, ड्रोन शेवटी हवेतच तरंगतो, तेव्हा पाहायचा तो त्याचा हवेतला कमाल वेग. हा आक्षेप बरोबर आहे. त्याने मूळ मुद्दा उलट पक्का होतो. झोतांच्या बाबतीत हलकेपणा ड्रोनला चटकन हलवतो, पण लहान पंख्यांची गतीही चटकन बदलते, त्यामुळे तो तितक्याच चटकन सावरतो. पडद्यावर चित्र स्थिर दिसते. वर ड्रोन सतत डुचमळत असतो आणि कॅमेरा तोलून धरणारा गिंबल ती डुचमळ कॅमेऱ्यापर्यंत पोचू देत नाही. उडवणाऱ्याला धोका कमी भासतो तो यामुळे. निर्णायक ठरते ती वजाबाकी : ड्रोनचा हवेतला वेग वजा वाऱ्याचा वेग.

ही वजाबाकी ‘मॅव्हिक मिनी’च्याच आकड्यांवर करून पाहावी. त्याची छापील वाराक्षमता सेकंदाला ८ मीटर, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट श्रेणीतील चौथ्या पायरीची वरची कड. त्याचा नेहमीच्या मोडमधला कमाल वेगही सेकंदाला ८ मीटरच, आणि स्पोर्ट मोडमध्ये १३ मीटर. म्हणजे छापील मर्यादेच्या वाऱ्यात हा ड्रोन नेहमीच्या मोडमध्ये जागेवर उभा राहू शकतो, पण त्या वेगाच्या हिशेबाने एक मीटरही पुढे सरकू शकत नाही. वारा सेकंदाला ६ मीटर धरला तरी चित्र फारसे सुधारत नाही. वाऱ्याबरोबर ६०० मीटर दूर जायला फार तर सव्वा मिनिट लागते. परतताना जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो सेकंदाला २ मीटर आणि तेच अंतर कापायला पाच मिनिटे लागतात. स्पोर्ट मोडमध्ये दीड मिनिटाच्या आत काम होते, पण बॅटरी झपाट्याने उतरते. उड्डाणाचा पहिला टप्पा वाऱ्याच्या तोंडावर न्यावा आणि परतीला वारा पाठीशी घ्यावा, असे जुने चालक सांगतात त्यामागे हा साधा हिशेब आहे.

आता उंची. जमिनीलगत झाडे, घरे, बांध यांच्या घर्षणाने वारा मंदावतो आणि वर जाताना वाढत जातो. मोकळ्या सपाट मैदानावर ही वाढ उंचीच्या एक-सप्तमांश घाताने होते असा अभियांत्रिकीत रुळलेला ठोकताळा आहे. त्यानुसार डोक्याच्या उंचीवर, म्हणजे दोन मीटरवर, सेकंदाला ४ मीटर वारा असेल तर १०० मीटरवर तो ७ मीटर होतो. खाली पाने हलत असतात, कुणाला काही विशेष वाटत नाही. वर ‘मॅव्हिक मिनी’कडे नेहमीच्या मोडमध्ये परतीसाठी सेकंदाला जेमतेम एक मीटर शिल्लक असतो. भारतीय नियमांत हरित क्षेत्रात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उडवता येते. ती कायद्याची कमाल मर्यादा आहे, त्या दिवशीच्या हवेची नव्हे. हवामानाच्या अंदाजात दिलेला वारा प्रमाण पद्धतीनुसार १० मीटर उंचीवरचा आणि सरासरीचा असतो. झोत त्याच्या दीडपट सहज जातात. यात सर्वांत घातक ठरू शकते ती ‘रिटर्न टू होम’ची स्वयंचलित सोय. ड्रोन कमी उंचीवर असेल तर ती त्याला आधी ठरवलेल्या उंचीवर चढवते आणि मग परत आणते. झाडे-इमारती चुकवण्यासाठी हे ठीक आहे, पण वाऱ्याच्या दिवशी ती ड्रोनला नेमकी जास्त वाऱ्यात पाठवते. समोर अडथळे नाहीत अशी खात्री असेल तेव्हा हाताने उंची उतरवून, जमिनीलगतच्या मंद वाऱ्यातून परतणे जास्त सुरक्षित असते. अडथळे असतील तर ती उंची उड्डाणाआधीच शक्य तितकी कमी ठरवावी.

सपाट मैदानाचा ठोकताळा सह्याद्रीत चालत नाही, आणि मराठी चालकाला हेच आधी समजून घ्यावे लागते. पश्चिमेकडून येणारा वारा कड्याला अडतो तेव्हा तो आडवा राहत नाही, वर चढतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात पावसाळ्यात दिसणारा उलटा धबधबा याचे ढळढळीत प्रमाण आहे. एक मिलिमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब शांत हवेत सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो. असे थेंब कड्यावरून मागे फेकले जातात तेव्हा तिथली हवा त्याहून जास्त वेगाने वर चढत असते, हे मोजमापाशिवाय सिद्ध होते. अशा प्रवाहात ड्रोन जागेवर धरणे म्हणजे पंख्यांच्या दृष्टीने शांत हवेत त्याच वेगाने खाली उतरणे. ‘मॅव्हिक मिनी’ला उत्पादकाने घातलेली उतरण्याची मर्यादा नेहमीच्या मोडमध्ये सेकंदाला १.८ मीटर आणि स्पोर्टमध्ये ३ मीटर आहे. ही मर्यादा उगाच नाही. फार वेगाने सरळ उतरताना पंख्यांनी खाली ढकललेलीच हवा भोवऱ्यासारखी फिरून पुन्हा पंख्यांत येते, उचल घटते आणि ड्रोन डगमगू लागतो. आडवा वाराही सोबत असल्याने हा दोष काहीसा सौम्य होतो, नाहीसा होत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या आत वळलेल्या कड्याच्या धारेवर ड्रोन खाली येत नाही असे वाटले तर नियंत्रकाची काठी खाली दाबून धरण्यात अर्थ नसतो; आधी आडवे सरून कड्यापासून दूर व्हावे आणि मग उतरावे. मात्र कड्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, शांत जागा असेल असे मानू नये. तिथे हवा गिरक्या घेते आणि खाली खेचते. चाळकेवाडी, वनकुसवडे यांसारख्या साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभारल्या गेल्या त्या तिथल्या वाऱ्यासाठीच, हेही ध्यानात ठेवावे. गडकिल्ल्यांवर ड्रोनसाठी लागणाऱ्या परवानगीचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो आधी सोडवावा लागतो.

नव्या ड्रोनांनी हा प्रश्न मिटवला आहे, असे म्हटले जाते. ‘मिनी ३ प्रो’ व ‘मिनी ४ प्रो’ यांची छापील क्षमता सेकंदाला १०.७ मीटर आहे, म्हणजे बोफर्टच्या पाचव्या पायरीची वरची कड, आणि स्पोर्ट मोडमधला वेग १६ मीटर. सुधारणा खरी आहे. पण वरचाच ठोकताळा लावला तर डोक्याच्या उंचीवरचा ६ मीटरचा वारा १०० मीटरवर साडेदहा होतो. म्हणजे जमिनीवर मध्यम वाटणारा वारा वर त्या नव्या मर्यादेला टेकतो. शिवाय स्पोर्ट मोडमध्ये अडथळे ओळखणारी यंत्रणा बंद असते. दुसरा दावा संगणकीय नियंत्रणाचा. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०२२ साली ‘न्यूरल-फ्लाय’ ही पद्धत मांडली. तिथल्या पंख्यांच्या भिंतीसमोर, सेकंदाला १२.१ मीटरपर्यंतच्या वाऱ्यात ड्रोन शिकून-शिकून आखलेल्या मार्गावर राहिला. हे काम मोलाचे आहे. तरीही ते अचूकता वाढवते. मोटरची ताकद किंवा बॅटरीतली ऊर्जा वाढवत नाही. परतीची वजाबाकी तशीच राहते.

एक बाब मात्र सावध माणसालाही दिलासा देणारी आहे. वारा आला की बॅटरी लगेच जास्त खर्च होते हा समज पूर्ण खरा नाही. ‘मिनी ४ प्रो’ शांत हवेत एका जागी ३० मिनिटे तरंगतो, पण ताशी २१.६ किलोमीटर वेगाने पुढे जाताना ३४ मिनिटे टिकतो. पंख्यांना ताजी हवा मिळत राहिली की उचल स्वस्त पडते, मग ती हवा ड्रोनच्या वेगाने आलेली असो वा वाऱ्याने. सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आतला वारा त्यामुळे बॅटरीवर भार टाकत नाही. त्यापुढे खर्च तीव्रतेने चढतो. हलका ड्रोन वाऱ्यात उडवूच नये, ही टोकाची भूमिका म्हणूनच टिकत नाही. वरच्या वाऱ्याचा अंदाज ड्रोनच्या नेहमीच्या मोडमधल्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास असेपर्यंत उडवावे आणि त्यापुढे थांबावे, ही मर्यादा व्यवहार्य वाटते. ‘मॅव्हिक मिनी’साठी ती १०० मीटर उंचीवर सेकंदाला ४ मीटर येते, म्हणजे डोक्याच्या उंचीवर जेमतेम सव्वादोन मीटर.

निम्म्यावर थांबण्याचे आणखी एक कारण जीपीएसचे आहे. उपग्रहांचे संकेत तुटले आणि खालच्या कॅमेऱ्यालाही जमीन ओळखता आली नाही, तर ड्रोन समपातळीत राहतो पण जागा धरत नाही, हवेबरोबर वाहतो. सेकंदाला ८ मीटर वाऱ्यात एका मिनिटात तो ४८० मीटर दूर गेलेला असतो. ४ मीटर वाऱ्यात २४० मीटर, आणि तेवढ्या अंतरावर त्याला नजरेने शोधून हाताने परत वळवण्याची संधी थोडी तरी राहते. बॅटरी अगदी तळाला गेल्यावर ड्रोन असेल तिथेच उतरू लागतो. त्या उतरण्यातही काठी पुढे दाबून तो वाऱ्याविरुद्ध रेटता येतो, आणि खाली येईल तसा वारा मंदावत असल्याने शेवटच्या वीस-तीस मीटरांत पुष्कळदा बरेच अंतर भरून निघते. उतरताना ड्रोनचे नाक वाऱ्याकडे ठेवावे आणि जमीन लागताच मोटरी बंद कराव्यात, कारण फिरत्या पंख्यांचा हलका ड्रोन जमिनीवरच्या झोताने उलटतो आणि मोडतात ती आधी पाती, मग गिंबल.