प्रेमाचा हिशेब

प्रेम आणि पैसा यांचा संबंध कवितेने कसा पाहिला, हा प्रश्न वरकरणी केवळ रसिकांचा वाटतो. परंतु विवाहेच्छू तरुण-तरुणींना मार्गदर्शन करण्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे असल्याने तो आम्हांस संसाराचाही वाटू लागला आहे.

पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने, विशेषतः माधव ज्यूलियन यांनी, मराठी प्रेमकवितेला प्रतिष्ठा मिळवून दिली. मीलनाची ओढ आणि विरहाची व्यथा हा त्या कवितेचा गाभा होता; घरभाडे आणि वाण्याची उधारी सहसा तिच्या उंबरठ्याबाहेरच राहिली.

तो उंबरठा ओलांडला तो कामगारवस्तीतून आलेल्या कवीने. नारायण सुर्वे हे जन्मतः टाकून दिलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना घरी नेऊन वाढविले. पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि नंतर शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत भाकरी आणि माया एकाच घरात नांदतात. तेथे पैशाची चणचण हा प्रेमाचा अडथळा नसून प्रेमाची कसोटी आहे. एक विचार आमच्या मनात राहून राहून येतो: ज्याने सुर्व्यांना उचलले, त्याच्याकडे तरी शिल्लक अशी किती असेल?

मात्र या नात्याला काळी बाजूही आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) मुंबईच्या वेश्यावस्तीचे जग मराठी कवितेत आणले. जेथे देहाचा सौदा होतो, तेथे प्रेम हा शब्दच संशयास्पद ठरतो. पैसा प्रेमाची कसोटी घेतो, तसाच तो माणसाची किंमतही ठरवू शकतो, हे त्या कवितेने सभ्य वाचकाला बजावले.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर चित्र पुन्हा पालटले. ‘चौतिशीपर्यंतच्या कविता’ (२००१) लिहिणाऱ्या हेमंत दिवटे यांच्यासारख्या कवींच्या रचनांत जाहिराती, वस्तू आणि महानगरातील धावपळ घरात शिरली. सुर्व्यांच्या माणसाला पुरेसे मिळत नव्हते. या नव्या माणसाला मिळालेले पुरेसे वाटत नाही. जवळच्या माणसासाठी त्याच्यापाशी वस्तू आहेत, वेळ मात्र नाही.

हा इतिहास आम्ही फार उशिरा वाचला, याची खंत आहे. पूर्वी विवाहपूर्व वर्गात आम्ही निष्ठा, क्षमा आणि त्याग यांवर भरभरून बोलत असू. पैशाचा विषय अखेरच्या दहा मिनिटांत उरकत असू. प्रेम असले की बाकीचे जुळून येते, हे आमचे आवडते वाक्य होते. लग्नानंतर दोन वर्षांनी एक जोडपे आमच्याकडे आले. नवऱ्याने लग्नासाठी काढलेले कर्ज पत्नीपासून लपविले होते. “रकमेचे काही नाही हो, फादर,” ती म्हणाली, “मला सांगितलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून फेडलं असतं.” आम्ही निरुत्तर झालो. तिला जे ठाऊक होते, ते आमच्या वर्गात कोणी शिकविले नव्हते.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक जोडप्याला पहिल्याच भेटीत एक कागद देतो. दोघांची मिळकत, दोघांची देणी आणि आईवडिलांना द्यावयाची रक्कम त्यावर एकत्र बसून लिहावयाची. काहींना ते अरसिकपणाचे वाटते. त्यांना आम्ही सुर्व्यांची कविता वाचावयास सांगतो. पैशाचे नाव काढल्याने प्रेम विटाळत नाही. ते विटते लपविल्याने आणि विकल्याने. मराठी कवितेला हे उमगावयास अर्धे शतक लागले. आमच्या वर्गांना त्याहून अधिक लागू नये.