पुसेगावच्या जत्रेतला तंबू

गावातल्या जुन्या टॉकीजचा इतिहास कुणीतरी लिहितं, कारण तिची भिंत तरी उभी असते. तंबूचं तसं नाही. जत्रा उठली की रानात खुंट्यांची भोकं राहायची, ती पुढच्या नांगरटीत बुजायची. म्हणून हे लिहून ठेवतोय.

खटाव तालुक्यातलं पुसेगाव सेवागिरी महाराजांमुळं ठाऊक आहे. मार्गशीर्षात जत्रा भरते, रथाला नोटांच्या माळा चढतात, खिलार बैलांचा बाजार भरतो. खरिपाचे चार पैसे तेव्हा शेतकऱ्याच्या हातात असायचे. टुरिंग टॉकीजवाले हा हिशेब बरोबर ओळखून होते. एक जत्रा उठली की लॉऱ्या दुसऱ्या जत्रेच्या वाटंला लागायच्या.

आपल्याकडं सिनेमा आला तोच मुळी फिरत. 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या माणसानं पहिला खेळ केला, तेव्हा सिनेमाचं थिएटर अशी चीजच नव्हती. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब फाळकेही पुढं यंत्र न् फिती घेऊन गावोगाव हिंडले. तंबूवाले त्याच वाटंचे.

मशीन लॉरीच्या हौद्यात पक्कं बसवलेलं असायचं. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणल्या की मधी लखलखीत जाळ पेटायचा, त्याचाच उजेड पडद्यावर. कांडी जळंल तशी ऑपरेटरनं पुढं सारायची. त्याला डुलकी लागली की पडद्यावर अंधारी, न् तंबूत शिव्या. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपायचं. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलेस्तोवर शिट्ट्या चालायच्या. कापडातनं उजेड आत येतो, म्हणून दिवस मावळल्याबिगर खेळ लागत नसे.

पण खरी गोष्ट बायांची. तालुक्याच्या टॉकीजला बाईमाणसानं जाणं आमच्या घरात कुणाला पटत नव्हतं. जत्रेला देवदर्शनासाठी आलेली बाई तंबूत बसली तर तिला कोण बोलणार? मधी कनात, एका अंगाला गडी, एका अंगाला बाया. ‘सांगत्ये ऐका’ आला 1959 ला. आमच्या आईनं तो दहा-बारा वर्षांनी बघितला. तिच्या लेखी तो नवाच होता. ‘जय संतोषी माँ’ला तर बाया चपला बाहेर काढून आत शिरल्या.

पुढं घरात टीव्ही आला, गावात व्हिडिओ आला, तरी तंबू तग धरून होते. घाव बसला तो सिनेमाची फीतच निघायची बंद झाली तेव्हा. फीत नाही म्हटल्यावर मशीन म्हंजे नुसतं लोखंड. किलोवर गेली कितीतरी. 2016 साली या तंबूवाल्यांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट थेट फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला. तवर इकडं बहुतेक तंबू गुंडाळले गेले होते.

आईनं जन्मात पाच-सहाच सिनेमे बघितले, सगळे जत्रेत. त्यातली गोष्ट न् गोष्ट ती शेवटपर्यंत भांगलताना बायांना सांगायची.